वाऱ्याच्या खालच्या अंगाला
(मुंबईच्या धुराचा इतिहास)



हवा सगळ्यांची असते, असं शाळेत शिकवतात. पाण्याबद्दलही असंच शिकवत होते. महाडचं चवदार तळं सगळ्यांचं होतं. गुरंढोरं पीत होती, परधर्माची माणसं पीत होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथं ओंजळ भरली आणि तळ्यावरून परतणाऱ्या लोकांची डोकी फुटली, तेव्हा जगाला कळलं की 'सगळ्यांचं' या शब्दात आपण धरलेलोच नव्हतो.

हवेचं गणित थोडं निराळं. पाणवठ्यावर काठी घेऊन उभं राहता येतं, हवेवर पहारा बसवता येत नाही. पण माणूस कुठं राहील ते ठरवता येतं, धूर कुठं सुटेल तेही ठरवता येतं. दोन्ही एका जागी आणले की काम झालं. काठी उगारायची गरज नाही. माणूस आपोआप खोकायला लागतो, आणि डॉक्टर त्याला विचारतो, 'विडी ओढतोस काय?'

आता एखादा गडी म्हणेल, बुलढाण्यात बसून मुंबईच्या धुराची उठाठेव कशाला? आपली भांडणं काय कमी आहेत? तर बाबा, या धुराची सुरुवात आपल्या कापसापासून होते. तो ज्यांच्या छातीत गेला त्यांत आपली माणसं होती. आणि आज तो मुंबईतून निघून पुन्हा आपल्याच दिशेनं चालून येतोय. म्हणून ही उठाठेव.

१

आधी गावाचा नकाशा पाहू. महारवाडा बऱ्याच गावांत उगवतीच्या बाजूला काहून, असं जुन्या माणसांना विचारा. ते सांगतील, वारा जास्त करून मावळतीकडून येतो. आधी पाटलाच्या वाड्यावरून, मग कुणब्याच्या घरावरून, सगळ्यांना शिवून झाला की आपल्यावरून. नदीचंही तेच. वरच्या अंगाला त्यांचा पाणवठा, खालच्या अंगाला आपला. गावोगाव दिशा बदलत असेल, पण खालचं अंग आपल्या वाट्याला हा नेम बदललेला फारसा दिसत नाही. ढोर त्यांचं, ओढायचं आपण, आणि वासही आपल्याच दारात.

आता मुंबईचा नकाशा काढा. मावळतीला अरबी समुद्र. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरचा वारा जमिनीकडं येतो. त्या ताज्या वाऱ्याच्या तोंडावर मलबार हिल, वरळी, जुहू. शहर ओलांडून तो वारा पूर्वेच्या काठाला पोचतो, तिथं चेंबूर, माहुल, ट्रॉम्बे, देवनार, गोवंडी, मानखुर्द. तेलशुद्धीचे कारखाने तिथं, खताचा कारखाना तिथं, विजेचं औष्णिक केंद्र तिथं, शहराच्या कचऱ्याचा डोंगर तिथं. बांद्र्याचा कत्तलखाना १९७१ साली हलवला, तोही देवनारलाच. गावाचा नकाशा मोठा करून मुंबईवर टाकला, तर रेघा फार चुकत नाहीत.

रात्री वारा उलटा फिरतो, जमिनीवरून समुद्राकडं. तेव्हा पूर्वेचा धूर पश्चिमेच्या खिडक्यांत जातो. आणि बहुधा तेव्हाच पेपरात मोठी बातमी होते.

२

धुराचा इतिहास कापसापासून सुरू होतो असं म्हटलं, ते सांगतो. १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतलं. डोळा काळ्या मातीवर आणि तिच्यातल्या कापसावर. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढायचा घाट घातला. १८५६ ला ती सुरू झाली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद पडला, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे भुसावळवरून मलकापूर, नांदुरा, शेगाव करत १८६७ साली नागपूरला पोचली. जलंब-खामगाव हा एवढासा फाटा, पण तो १८७० साली उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. तो काही शेतकऱ्याचं तोंड पाहायला आला नव्हता. त्याला गाठी मोजायच्या होत्या.

गाठी गेल्या मुंबईला आणि मँचेस्टरला. मुंबईत गिरण्यांची रांग लागली. परळ, लालबाग, भायखळा, शिवडी. गिरणी चालायची वाफेवर, वाफ व्हायची कोळशावर. कोळसा आधी विलायतेहून आला, मग बंगालमधून. शेकडो फूट उंच चिमण्या आणि त्यांच्या पायथ्याशी चाळी. दहा बाय दहाच्या खोलीत दहा माणसं, दोरीवर वाळणाऱ्या धोतरावर काजळी.

साहेबांच्या नाकाला हा धूर लागला तेव्हा कायदा आला. १९०५ साली कलकत्त्यासाठी, १९१२ साली मुंबईसाठी. धुराच्या उपद्रवाचा कायदा. धुरावर निरीक्षक नेमले. मुंबईच्या हवेबद्दलचा हा पहिला खास कायदा म्हणावा. पण कायद्याची नजर कुठं, ते पाहा. चिमणीच्या तोंडातून निघणाऱ्या काळ्या धुराकडं. खात्याच्या आत, बंद खिडक्यांमागं, दहा-बारा तास कापसाची भुकटी गिळणारा कामगार त्या नजरेच्या टप्प्यात नव्हता. ती भुकटी बाहेर पडत नव्हती, सबब ती उपद्रव नव्हती!

कापूस पिंजण्याच्या, विंचरण्याच्या खात्यात ही भुकटी सगळ्यात जास्त. वर्षानुवर्षं छातीत गेली की दम्यासारखा रोग जडतो, डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी की सुटीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळते. गिरणीतली माणसं म्हणायची, सोमवार जड जातो. मालकाला वाटायचं, रविवारची उतरली नाही.

गिरणीतही गावकूस होतं. विणकामाच्या खात्यात, जिथं पगार बरा, तिथं अस्पृश्याला घेत नसत. कारण काय? धोट्यातला तुटलेला धागा तोंडानं ओढून जोडावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा दुसऱ्याच्या तोंडाला कसा चालेल? आपली माणसं ठेवली कताईच्या बाजूला, कमी पगारावर. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. वर्गाची भाषा बोलणाऱ्यांना जातीचं उत्तर देता देता घाम फुटला. मालकाच्या धुराविरुद्ध सगळे कामगार एक, पण धाग्याच्या थुंकीपाशी आले की दोन. हे विसरू नका, पुढं लागेल.

३

१९१५ साली एक मोठी गोष्ट झाली. टाटांनी खोपोलीला पाण्यावर वीज केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना दिली. गिरण्या एकेक करून कोळशावरून विजेवर आल्या. चिमण्यांचा धूर कमी झाला. याला लोक प्रगती म्हणतात, आणि ती होतीच. पण मुंबईच्या डोक्यावरचा धूर ज्या पाण्यानं पुसला ते पाणी साठवायला मावळातल्या लोकांच्या जमिनी बुडाल्या. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह झाला. तो हरला. धरण झालं.

इथं एक रीत दिसते, आणि ती रीत हाच या लेखाचा मुद्दा आहे. शहराला जेव्हा जेव्हा धूर नकोसा झाला, तेव्हा तेव्हा त्याची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी दारात नेऊन ठेवली गेली. शहर साफ झालं असं ऐकलं की पहिला प्रश्न आपण विचारायचा: कचरा टाकला कुठं?

४

मुंबईनं तो टाकला पूर्वेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुर्ल्याहून चेंबूरपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला तो माणसांसाठी नव्हता, शहराचा कचरा वाहायला होता. त्या रुळावर माणसांची गाडी १९२४ साली सुरू झाली, म्हणजे आधी कचरा आणि मग माणूस. देवनारचं कचराभूमीचं मैदान १९२७ चं. महाड सत्याग्रहाचं आणि देवनारचं साल एकच. तिकडं आपण पाण्यासाठी डोकी फोडून घेत होतो, इकडं पुढच्या शंभर वर्षांच्या हवेची सोय होत होती.

स्वातंत्र्य आलं. १९५४-५५ साली माहुल-ट्रॉम्बेला परदेशी कंपन्यांचे दोन तेलशुद्धी कारखाने उभे राहिले. सत्तरच्या दशकात ते सरकारी झाले, आज त्यांना आपण हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम म्हणतो. १९५६ साली टाटांचं औष्णिक वीज केंद्र. १९६५ साली खताचा कारखाना. हे सगळे एका हाकेच्या अंतरात. धुराच्या जोडीला आता गंधकाचा वायू आला, अमोनिया आला, नायट्रोजनचे वायू आले. चेंबूरला लोक 'गॅस चेंबर' म्हणू लागले.

कुणी कागदावर जात लिहिली होती काय? नाही. लिहायची गरजच पडली नाही. बघा कसं होतं. खाडीची दलदल, म्हणून जमीन स्वस्त. स्वस्त म्हणून तिथं कचरा. कचरा म्हणून आजूबाजूची जमीन आणखी स्वस्त. स्वस्त म्हणून ज्याच्याकडं दमडी नाही त्यानं तिथं पत्रा ठोकला. पत्रा ठोकणारा कोण? गावात ज्याच्या नावावर गुंठा नव्हता तो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून हात सोलले तेव्हा गाव सोडून आला तो. त्यात दलित होते, मुसलमान होते, भटके होते, आपल्या घाटावरची आणि घाटाखालचीही माणसं होती. त्यांच्या घराला कागद नाही म्हणून ते 'अतिक्रमण'. अतिक्रमणवाल्यांची तक्रार कोण लिहून घेतो? तक्रार नाही, म्हणून पुढचा धुराचा कारखानाही तिथंच. असं हे चाक फिरतं. एकाही साहेबाला जातीयवादी म्हणता येत नाही आणि तरी धूर बरोबर आपल्याच वस्तीचा पत्ता शोधत येतो.

माणसं धुराकडं कशी नेतात त्याचं उदाहरण जनता कॉलनीचं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत शहरातून उठवलेल्या गरिबांना ट्रॉम्बेच्या बाजूला वसवलं. पुढं तिथं अणुसंशोधन केंद्र आलं, त्याला जागा हवी झाली. आणीबाणी चालू होती. मे १९७६ मध्ये पोलीस लावून हजारो घरं मोडली आणि माणसं चिता कॅम्पात खाडीच्या कडेला नेऊन टाकली. एकदा उठवलेला माणूस दुसऱ्यांदा उठवायला सोपा असतो. त्याचं बोचकं अजून सुटलेलं नसतं.

५

धूर आणि धुकं मिळून जे होतं त्याला इंग्रजीत स्मॉग म्हणतात. आपण धुरकं म्हणू. हा शब्द मराठीत आता रुळलाय. हे होतं कसं, ते कार्यकर्त्यानं नीट समजून घ्यावं, नाहीतर सभेत कुणीही तज्ज्ञ येऊन आपल्याला गप्प बसवतो.

थंडीच्या पहाटे पूर्णाकाठच्या गावात पाहा. चुलीचा धूर वर जात नाही, घरांच्या उंचीला आडवा पट्टा धरून राहतो. कारण रात्री जमीन गार होते, जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, तिच्यावर ऊबदार हवेचं झाकण बसतं. झाकणाखाली जे सोडाल ते तिथंच मुरतं. गावात चुली पाच-पन्नास. मुंबईत लाखो गाड्या, कारखाने, कचऱ्याच्या आगी, बांधकामाची धूळ, रस्त्याची धूळ, भट्ट्या. झाकण तेच, खालचं ओझं अफाट.

लंडनला ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत असं झाकण बसलं. कोळशाचा धूर खाली कोंडला. पहिल्या मोजणीत चार हजारांच्या आसपास माणसं मेली, नंतरच्या अभ्यासांनी आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ ला त्यांनी स्वच्छ हवेचा कायदा केला. अमेरिकेत लॉस एंजेलिसला दुसरा प्रकार दिसला. तिथं गाड्यांचा धूर आणि तिखट ऊन यांची रासायनिक क्रिया होऊन डोळे चुरचुरायचे. आपल्या शहरांत दोन्ही प्रकारांची भेसळ आहे, वर धुळीची फोडणी.

मुंबईला समुद्राचा वारा वाचवतो. दिल्लीसारखं तिथं दिवसचे दिवस कोंडून राहत नाही, असं वर्षानुवर्षं म्हणत. पण वारा म्हणजे काही सफाई कामगार नव्हे, रोज न चुकता यायला. २०२२-२३ च्या थंडीत वारे मंदावले आणि मुंबईची हवा काही दिवस दिल्लीच्या पंगतीला जाऊन बसली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, महापालिकेनं बांधकामाच्या धुळीसाठी नियम काढले.

या धुरक्यात सगळ्यात घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. अडीच मायक्रॉनचा कण म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा विसावा-तिसावा भाग. नाकातल्या केसांना तो चुकवतो, फुप्फुसाच्या तळाशी जातो, तिथून रक्तात. दम्याबरोबर हृदयाचा झटका आणि पक्षाघात यांचा धोकाही तो वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सांगितलं की वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर नको. आपल्या देशाचं मानक ४० आहे. म्हणजे आठपट. आपली फुप्फुसं सरकारनं आठपट मजबूत धरलीयत.

आणि सरासरी हा शब्द आला की सावध व्हा. शहराचा आकडा एक सांगतात. पण खारमधला माणूस आणि माहुलमधला माणूस यांच्या श्वासाची बेरीज करून दोननं भागलं, तर जो आकडा येतो तो दोघांपैकी कुणाच्याच छातीत नसतो. केईएम हॉस्पिटलचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या साथीदारांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी हेच ओळखलं होतं. त्यांनी लालबाग, चेंबूर, खार आणि मुंबईबाहेरचा एक खेड्याचा भाग असे चार ठिकाणचे चार हजारांवर लोक तपासले. लालबाग-चेंबूरकडं खोकला आणि धाप जास्त भरली. एकाच शहरात किती प्रकारची हवा असते, हे तेव्हापासून कागदावर आहे. १९८१ साली हवेचा कायदा आला, १९८४ साली भोपाळ झालं. भोपाळला त्या रात्री सगळ्यात आधी कोण मेलं? कारखान्याच्या कुंपणाबाहेरच्या झोपड्यांतली माणसं. वारा त्यांच्या बाजूचा होता.

६

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढं गिरण्या गेल्या, धूर गेला, कामगारही गेला. चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. आज परळची हवा खराब होते ती त्या मनोऱ्यांच्या सिमेंटनं आणि त्यांच्या तळघरातल्या मोटारींनी.

आणि माणसं कुठं? मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या मोठ्या नळाच्या कडेला हजारो झोपड्या होत्या. शहराच्या पाण्याला धोका नको म्हणून त्या हटवायचा हुकूम झाला. माणसांना पर्यायी घरं दिली ती माहुलला, तेलशुद्धी कारखान्यांच्या आणि रसायनाच्या टाक्यांच्या शेजारी. २०१७ पासून हे जोरात झालं. शहराचं पाणी शुद्ध राहावं म्हणून माणसं घाण हवेत नेऊन ठेवली! महाडचा धडा मुंबईनं असा उलटा गिरवला.

बरं, माहुल कसं आहे हे सरकारला ठाऊक नव्हतं, असंही नाही. २०१३ साली केईएमच्या डॉक्टरांनी माहुल-आंबापाड्यात पाहणी केली. दर तिघांत दोघांना वरचेवर धाप लागत होती. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं सांगितलं की तिथल्या हवेनं लोकांच्या तब्येतीला धोका आहे. म्हणजे धोका आहे असा निकाल आधी, आणि माणसं आणून टाकली नंतर. माहुलला टाकलेल्या बाया-माणसांनी रस्त्यावर बसून आंदोलन केलं. २०१९ साली उच्च न्यायालयानं आणखी लोकांना तिथं सक्तीनं पाठवायला मनाई केली आणि राहत्या लोकांना दुसरीकडं राहायला भाडं द्या म्हणून सांगितलं. ऑगस्ट २०२० मध्ये लवादानं दोन्ही तेल कंपन्यांना आणि टाक्यांच्या दोन कंपन्यांना मिळून २८६ कोटींची भरपाई ठोठावली. माहुलचा मूळचा कोळी आणि आणून टाकलेला झोपडीवाला यांनी कागद जमवले, डॉक्टरांची तपासणी मागितली, वर्षानुवर्षं तारखा केल्या. म्हणून एवढं तरी झालं.

देवनारला जानेवारी २०१६ मध्ये कचऱ्याच्या डोंगराला आग लागली. धूर इतका की उपग्रहाच्या फोटोत दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवल्या. सबंध मुंबई खोकली, तेव्हा कुठं देवनार हा मुंबईचा प्रश्न झाला. त्या डोंगरावर लोखंड-प्लास्टिक वेचणाऱ्या बाया त्याआधी कित्येक वर्षं तो धूर गिळत होत्या. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांत तळाला होता एम-पूर्व, म्हणजे देवनार-गोवंडीचाच वॉर्ड.

७

आता तो धूर आपल्याकडं कसा येतो ते पाहा. शहराला वीज तर हवी, पण कोळशाची राख नको. १९९५ पासून मुंबईच्या उपनगरांसाठी वीज झाली डहाणूला, वारली आदिवासींच्या मुलखात. चंद्रपूरला कोळशावरचं महाकाय केंद्र १९८०च्या दशकात सुरू झालं, आज त्याची ताकद २९२० मेगावॉट. १९९९ साली चंद्रपूरहून थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत १५०० मेगावॉट वाहून नेणारी खास तार टाकली. तारेतून वीज जाते. राख जात नाही, ती चंद्रपुरात राहते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित भागांची यादी केली, त्यात चंद्रपूर चौथं. आपल्या शेगावच्या पुढं दोन स्टेशनं गेलं की पारस, तिथंही कोळशाचं केंद्र. मुंबईच्या गोवंडीत दवाखान्यांचा कचरा जाळायची भट्टी होती. लोक लढले, २०२३ साली न्यायालयानं ती हलवायला सांगितलं. कुठं? रायगडात, खालापूरकडं. गोवंडीच्या लोकांचं बरोबरच होतं. पण आपला पहिला प्रश्न इथंही सुटत नाही.

२०१९ साली केंद्रानं स्वच्छ हवेचा कार्यक्रम काढला आणि हवेचं मानक न पाळणाऱ्या शहरांची यादी केली. तिच्यात मुंबई आहे, चंद्रपूर आहे. आणि आपल्या जिल्ह्याला लागून असलेली अकोला, जळगाव, जालना ही तिन्ही आहेत. म्हणजे आपल्या तीन वेशींवर धुरकं उभं आहे.

८

इथं काही मंडळी आपल्याला सांगायला येतील: पाहा, शहर वाईट, कारखाना वाईट, खेडं बरं, चला मागं. त्यांना हात जोडा आणि वाटेला लावा. खेड्याची 'शुद्ध हवा' आपण पिढ्यानपिढ्या गावकुसाबाहेरून खाल्ली आहे. बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडायला सांगितलं. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना विजेचं खातं त्यांच्याकडं होतं. देशात स्वस्त आणि भरपूर वीज झाली, उद्योग वाढले, तर गरीब माणूस गरिबीतून सुटेल, हा त्यांचा विचार होता. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले, मजुराची घरं पाहिली. वीज पाहिजे आणि ती करणाऱ्या माणसाचा जीवही पाहिजे, दोन्ही एकदम. आपली भूमिका तीच. कारखाना हवा, आमच्या पोरांना त्यात नोकरी हवी, आणि त्याच्या चिमणीला गाळणीही हवी. गाळणीचे पैसे वाचवून आमच्या छातीत धूर भरणं, याला आम्ही विकास म्हणणार नाही.

जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, असं बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिलं. या इतिहासानं त्यात एक भर पडते. श्वासाचीही वाटणी झालेली आहे. ती स्मृतीत लिहिलेली नाही. शहराच्या विकास आराखड्यात, कचऱ्याच्या गाडीच्या वेळापत्रकात, पुनर्वसनाच्या यादीत ती सापडते. १९९१ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात शुद्ध पाणी आणि शुद्ध हवा येते. कागदावर हक्क आला. चवदार तळ्याचाही ठराव आधीच झालेला होता. ठराव असतानाही तळ्यापर्यंत चालत जावं लागलं.

तेव्हा गड्यांनो, जिल्ह्यात कुठंही मोठा कारखाना, खाण, भट्टी येते असं ऐकलं की जनसुनावणीची नोटीस शोधा. तीस दिवस आधी ती निघाली पाहिजे, असा २००६ चा नियम आहे. सुनावणीला घोषणा देऊन परत येऊ नका. नकाशा घेऊन जा. वारा कुठून येतो, थंडीत कुठं कोंडतो, खालच्या अंगाला कुणाची वस्ती आहे, हे बोट ठेवून विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. आपल्या नगरपालिकेचा कचरा कुठं पडतो, कुणाच्या दाराशी जळतो, ते एकदा चालत जाऊन पाहा. जिनात, खडी क्रशरवर, वीटभट्टीवर काम करणाऱ्या बाया-माणसांचे दवाखान्याचे केसपेपर फेकू देऊ नका. माहुलच्या माणसाला कोर्टात कागदांनी तारलं. दम लागतो असं आपण शंभर वेळा सांगतो, पण तारखेसकट लिहिलेला एक दम शंभरांना भारी पडतो.

आणि १९२८ चा धागा विसरू नका. माहुलला कोळी आणि झोपडीवाला दोघे लढले म्हणून लवादाला ऐकावं लागलं. धुराविरुद्ध आपल्या शेजारचा मुसलमान, आदिवासी, कुणबी मजूर बरोबर येईल तर त्याला घ्या. पण येताना त्यानं तोंडातला जुना धागा बाहेर ठेवून यावं, एवढं त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

जय भीम.